फोर्क्समधल्या दोन परक्या मुली : ‘ट्वायलाइट’ मालिकेचे परीक्षण

किशोरवयीन वाचकांसाठी लिहिलेल्या व्हॅम्पायर-प्रेमकथांची नायिका बहुधा परकी असते. ती नव्या गावात आलेली असते, शाळेचे वर्ष निम्मे सरल्यावर वर्गात दाखल झालेली असते, घोळक्यात मिसळत नाही आणि आरशात स्वतःला पाहून नाक मुरडते. हा साचा स्टेफनी मायर यांनी घडवला असे म्हणता येणार नाही, परंतु त्यांच्या ‘ट्वायलाइट’ मालिकेने तो इतका पक्का केला की नंतर आलेल्या प्रत्येक लेखिकेला एकतर तो उचलावा लागला किंवा मुद्दाम मोडावा लागला. २००५ साली पहिले पुस्तक आले, त्यामागोमाग दरवर्षी एक याप्रमाणे ‘न्यू मून’, ‘इक्लिप्स’ आणि ‘ब्रेकिंग डॉन’ आली, आणि ऑगस्ट २००८ मध्ये शेवटच्या पुस्तकाच्या सुमारे १३ लाख प्रती एकट्या अमेरिकेत पहिल्याच दिवशी खपल्या. तेव्हापासून या मालिकेला डोक्यावर घेणारे आणि तिची टर उडवणारे असे दोन पक्ष पडले आहेत. दोन्ही पक्षांचे बोलणे नायकाभोवतीच फिरते: तो देखणा आहे की भीतीदायक, उन्हात त्याची कातडी चमकते हे रम्य आहे की हास्यास्पद. मला त्याहून नायिकेचा प्रश्न महत्त्वाचा वाटतो. लेखिका जिला वारंवार परकी म्हणते, ती खरोखर परकी आहे का, आणि नसेल तर या चार जाडजूड पुस्तकांत खरे परकेपण कोणाच्या वाट्याला आले आहे?

कथेची चौकट बहुतेकांना ठाऊक असेल. सतरा वर्षांची बेला स्वान ॲरिझोना राज्यातील फिनिक्स हे उन्हाचे शहर सोडून वॉशिंग्टन राज्याच्या ऑलिम्पिक द्वीपकल्पावरील फोर्क्स या गावात वडिलांकडे राहायला येते. आईचे नुकतेच दुसरे लग्न झाले आहे, सावत्र वडील बेसबॉल खेळाडू असल्याने सतत फिरतीवर असतात, आणि आईला त्यांच्याबरोबर मोकळेपणाने जाता यावे म्हणून मुलगी आपण होऊन ही शिक्षा पत्करते. फोर्क्समध्ये पाऊस थांबत नाही. लेखिकेने हे गाव निवडले तेच मुळी त्याच्या पावसासाठी; सूर्य टाळू पाहणाऱ्या व्हॅम्पायर कुटुंबाला राहण्याजोगी जागा म्हणून त्यांनी ते शोधले, आणि पहिला खर्डा तिथे पाऊल न ठेवता लिहिला. पुस्तकात हे जाणवत नाही. ओल्या झाडांवरचे शेवाळे, दिवसभर न बदलणारा करडा उजेड आणि वाहनतळावर साचलेले बर्फ यांची वर्णने पहिल्या पुस्तकाच्या सर्वांत सरस भागात मोडतात.

आता गावाने या मुलीला कसे वागवले ते पाहू. पोलीस प्रमुखाची मुलगी परत येत आहे हे आधीपासूनच सर्वांना माहीत आहे. पहिल्या दिवशी एक मुलगा तिला वर्ग दाखवायला येतो, दुसरा प्रयोगशाळेपासून व्यायामशाळेपर्यंत सोबत करतो, जेसिका तिला आपल्या टेबलावर बसवते. थोड्याच दिवसांत, मुलींनी मुलांना विचारायचे अशी प्रथा असलेल्या नृत्यासाठी तीन मुले एकामागून एक तिच्यापुढे येऊन ‘मला विचार’ असे सुचवतात, आणि ती त्या दिवशी सिअॅटलला जाण्याचे निमित्त काढून तिघांनाही परतवते. ज्या मुलीला गावाने पायघड्या घातल्या तिला परकी कसे म्हणायचे? टवाळखोर टीकाकार इथेच थांबतात आणि लेखिकेला दुटप्पी ठरवून मोकळे होतात. माझे मत निराळे आहे. पहिल्या पुस्तकाचे बळ नेमके या विसंगतीत आहे. बाहेरचे जग दार उघडून उभे असतानाही आत जाता न येणे, हा सोळा-सतरा वर्षांच्या वयातील अनुभव मायर यांनी अचूक पकडला आहे. बेलाला स्वतःचाच संशय येतो. आपल्या वयाच्या माणसांशी, किंबहुना कोणाशीच, आपले सूर जुळत नाहीत, तेव्हा बिघाड आपल्या डोक्यातच असावा असे तिला वाटते. फिनिक्सच्या उन्हात वाढूनही तिची कातडी पांढरीफटक आहे, आणि तिथल्या गव्हाळ, खेळकर मुलींमध्ये ती जशी बसत नव्हती तशीच ती इथेही बसत नाही. जागा बदलून न सुटणारे हे अवघडलेपण कथेच्या पहिल्या शंभरेक पानांत फार खरे वाटते.

त्यातही एक गोष्ट बहुतेक परीक्षणांतून निसटते: बेला ही घरातली प्रौढ व्यक्ती आहे. तिच्या आईच्या मते ती जन्मली तेव्हाच पस्तिशीची होती. वडिलांना अंडी आणि बेकन तळण्यापलीकडे स्वयंपाक येत नाही हे लक्षात येताच ती स्वयंपाकघर ताब्यात घेते, कपाटातील किराण्याच्या पैशांची बरणी उचलते आणि बाजारहाट करून येते. त्याच स्वयंपाकघराची कपाटे तिच्या आईने अठरा वर्षांपूर्वी घरात उजेड यावा म्हणून पिवळ्या रंगाने रंगवली होती. आई निघून गेली, वडिलांनी रंग बदलला नाही. मायर यावर भाष्य करत बसत नाहीत, आणि म्हणूनच हा तपशील लक्षात राहतो. आईची आई होऊन वाढलेल्या मुलीला आता वडिलांचीही देखभाल करायची आहे. तिच्या एकटेपणाचे मूळ सौंदर्यात किंवा लोकप्रियतेत नसून इथे आहे.

या दृष्टीने मला संपूर्ण मालिकेतील सर्वांत महत्त्वाचा प्रसंग वाटतो तो रानातल्या चमकत्या कुरणाचा नाही, चुंबनाचा तर नाहीच. तो आहे बर्फाच्या सकाळचा. रस्ते गोठले आहेत. बेला आपला जुना लाल ट्रक जपून चालवत शाळेत पोहोचते आणि तो एकदाही घसरला कसा नाही याचे तिला नवल वाटते. उतरून मागे जाऊन पाहते तर चाकांना साखळ्या बांधलेल्या. वडील न जाणे किती पहाटे उठले, थंडीत बसून त्यांनी या साखळ्या चढवल्या, आणि एक अक्षर न बोलता कामावर निघून गेले. तिचा गळा दाटून येतो, कारण आपली काळजी कोणी घ्यावी याची तिला सवयच नाही. ती त्या साखळ्यांकडे पाहत उभी असतानाच एका वर्गमित्राची व्हॅन बर्फावरून घसरत तिच्या अंगावर येते आणि मालिकेचा नायक एडवर्ड कलन तिला ढकलून, हाताने व्हॅन अडवून, वाचवतो. एकाच पानावर काळजीचे दोन प्रकार समोरासमोर आले आहेत. एक मुका, माणसाच्या ताकदीचा, पहाटेचा. दुसरा दिमाखदार, अमानवी, सर्वांच्या डोळ्यांदेखत घडूनही कोणाला न दिसलेला. लेखिकेला पहिला प्रकार दिसतो, ती तो उत्तम लिहिते, आणि मग चारही पुस्तके दुसऱ्याच्या मागे निघून जाते. बेलाचे वडील, चार्ली स्वान, हे या मालिकेतील सर्वांत सुंदर रेखाटलेले पात्र आहे आणि कथेला त्याचे काय करावे हे शेवटपर्यंत उमगलेले नाही.

नायकाविषयी थोडक्यात सांगतो. एडवर्डचा जन्म १९०१ सालचा. १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत शिकागोमध्ये मरणासन्न असताना डॉक्टर कार्लाइल कलन यांनी त्याला व्हॅम्पायर केले. हे कुटुंब माणसांऐवजी प्राण्यांचे रक्त पिते. तहान भागली असता त्यांचे डोळे सोनेरी असतात आणि भागली नसता काळे होतात. सुळे, शवपेट्या, लसूण, क्रूस हे सारे वगळले आहे. व्हॅम्पायरला उमराव करून दिवाणखान्यात आणण्याचे काम जॉन पोलिडोरी यांनी १८१९ सालीच केले होते, आणि १८७२ च्या ‘कार्मिला’मध्ये शेरिडन ले फानू यांनी एकाकी घरात वाढणाऱ्या तरुण मुलीला अशा पाहुणीचे आकर्षण वाटताना दाखवले होते, त्यामुळे देखणा किंवा हवाहवासा व्हॅम्पायर हा मायर यांचा शोध नव्हे. त्यांची खरी करामत शाळेत आहे. भीती किल्ल्यातून काढून जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेतील दोघांच्या बाकावर आणून बसवणे, आणि शेजारी बसलेला मुलगा आपल्यापासून तोंड का फिरवतो या कोड्यावर दीडशे पाने वाचकाला खिळवून ठेवणे, हे सोपे नाही.

एडवर्डला सर्वांची मने वाचता येतात, फक्त बेलाचे येत नाही. ही कल्पना वाचताना शार्लेन हॅरिस यांच्या २००१ सालच्या ‘डेड अनटिल डार्क’ची आठवण होते, कारण तिथे नेमके उलट आहे: मने वाचण्याची शक्ती नायिका सूकी स्टॅकहाऊसला आहे, आणि व्हॅम्पायरांची मने तिला ऐकू येत नाहीत म्हणूनच त्यांच्या सहवासात तिला शांतता मिळते. सूकी विशीतली आहे आणि ते पुस्तक प्रौढांसाठी आहे; तरी फरक पाहण्यासारखा आहे. सूकीचे परकेपण तिला रोज छळते. उपाहारगृहात थाळ्या वाढताना गिऱ्हाइकांच्या मनातले तिला ऐकावे लागते, आणि गाव तिला वेडसर समजते. बेलाच्या बाबतीत तिच्या डोक्यातला ‘बिघाड’ आधी नायकाच्या कुतूहलाचा विषय होतो आणि चौथ्या पुस्तकात थेट दैवी देणगी ठरतो: तिचे मन हे अभेद्य कवच निघते आणि त्याखाली ती साऱ्या कुटुंबाला झाकून घेते. परकेपणाची वेदना अशी बक्षिसात बदलली की ती भोगावी लागत नाही. वाचकाला सुखावणारी ही युक्ती आहे, आणि मालिकेच्या लोकप्रियतेचे मोठे श्रेय मी तिला देईन, पण साहित्य म्हणून ही पळवाट आहे.

दुसरे पुस्तक ‘न्यू मून’ बहुसंख्य चाहत्यांना नावडते, कारण त्यात नायक बराच काळ गायब आहे. मला ते मालिकेतील सर्वांत प्रामाणिक पुस्तक वाटते. एडवर्ड निघून गेल्यावर ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी एवढीच नावे छापलेली कोरी पाने येतात. छपाईची ही साधी क्लृप्ती दुःखाच्या वर्णनाच्या पन्नास पानांपेक्षा जास्त बोलते. त्यानंतर हतबल चार्ली मुलीला आईकडे पाठवण्याची धमकी देतो, ती घाबरून मैत्रिणीबरोबर चित्रपटाला जाते आणि मग तिचा मित्र जेकब ब्लॅक याच्या गॅरेजमध्ये जुन्या मोटारसायकली दुरुस्त होऊ लागतात. कोमट सोड्याचे डबे, हाताला लागलेले ग्रीस आणि निरर्थक गप्पा यांतून फुलणारी ही मैत्री मालिकेतील एकमेव नाते आहे ज्यात बेला हसताना दिसते. अर्थात याच पुस्तकात धोका पत्करला की एडवर्डचा आवाज ऐकू येतो म्हणून ती कड्यावरून समुद्रात उडी मारते, आणि कोवळ्या वयाच्या वाचकाच्या हाती हे पुस्तक देणाऱ्याने या प्रसंगाविषयी त्याच्याशी बोललेले बरे.

‘इक्लिप्स’मध्ये मात्र माझा संयम सुटला. बेलाने जेकबला भेटू नये म्हणून एडवर्ड तिच्या ट्रकच्या इंजिनातला भाग काढून ठेवतो. आपल्या बहिणीला पिवळी पोर्शे गाडी देऊ करून बेलाला तिच्या पहाऱ्यात कोंडतो. जेकब तिचे बळजबरीने चुंबन घेतो, ती त्याला ठोसा मारते तर तिचाच हात मोडतो, आणि ज्याच्या साखळ्यांचे मी एवढे कौतुक केले तो चार्ली जेकबला शाबासकी देतो. या प्रत्येक घटनेला पुस्तकात प्रेमाचे नाव मिळते. नायिका रागावते, मग राग आवरते, मग स्वतःला दोष देते. मायर यांना हे वागणे चांगले वाटते म्हणून त्यांनी ते लिहिले, असा आरोप मी करणार नाही. पण लिहिताना त्यांनी बेलाच्या हाती नकार देण्याचे साधन ठेवले नाही, हे खरे आहे. जिला गावात कोणी उरले नाही, मैत्रिणी सुटल्या, वडिलांशी खोटे बोलावे लागते, ती मुलगी दोन मुलांपैकी कोणाच्या नियंत्रणाखाली जायचे एवढेच निवडू शकते. सुरुवातीचे मनातले परकेपण इथे प्रत्यक्षात आले आहे, आणि ते गावाने लादलेले नसून नायकाने घडवलेले आहे. लेखिका तिकडे पाहत नाही.

याच पुस्तकापासून पार्श्वभूमीला एक दुसरी मुलगी वावरू लागते. लिया क्लिअरवॉटर ही ला पुश येथील, जेकबच्याच क्विल्यूट जमातीची, विशीच्या आसपासची मुलगी. सॅम उली हा तिचा प्रियकर होता. जमातीच्या तरुणांत लांडगा होण्याची शक्ती जागी होते तेव्हा सॅम पहिला बदलतो, आणि त्यानंतर लियाचीच मावसबहीण म्हणावी अशी जवळची एमिली दृष्टीस पडताच त्याचे मन तिच्यावर कायमचे जडते. मालिकेच्या नियमांनुसार यात त्याची निवड नसते. वडिलांच्या मृत्यूच्या सुमारास लिया स्वतःही बदलते. जमातीच्या ज्ञात कथांमध्ये असे होणारी ती एकमेव स्त्री आहे. लांडग्यांच्या कळपात सर्वांना सर्वांचे विचार ऐकू येतात, म्हणजे सोडून गेलेल्या प्रियकराच्या डोक्यातले एमिलीवरचे प्रेम तिला रोज ऐकावे लागते, आणि तिचा संताप त्याला. भरीला भर म्हणून एमिलीच्या लग्नात करवली म्हणून तिला मिरवायचे आहे.

परकी नायिका म्हणतात ती याहून वेगळी काय असते? बेलाला जे जाणवते ते लियाच्या बाबतीत घडले आहे. कळपात ती एकटी मुलगी, घरात ती सोडलेली मुलगी, आणि स्वतःच्या शरीरातही ती परकी, कारण ‘ब्रेकिंग डॉन’मध्ये एका विलक्षण संवादात ती जेकबला सांगते की हे बदल सुरू झाल्यापासून तिची पाळी थांबली आहे, विसाव्या वर्षी, आणि आपल्यातच काही दोष असल्यामुळे आपण लांडगा झालो की लांडगा झाल्यामुळे हा दोष आला हे तिला कळत नाही. बेलाच्या डोक्यातील बिघाडाची शंका आणि लियाची ही शंका या एकाच जातीच्या आहेत. फरक इतकाच की बेलाची शंका कवच होऊन तिला परत मिळते, आणि लियाची तिथेच राहते. जेकबच्या निवेदनात आलेली ही मोजकी पाने मालिकेतील सर्वोत्तम लेखनाच्या जवळ जातात. लेखिकेला हे पात्र कळले होते याचा तो पुरावा आहे. तरीही कथा तिला कडवट, चिडखोर, सर्वांच्या डोक्याला ताप अशीच वागवते. कळपातले मुलगे ती निघून जाईल तर बरे म्हणतात आणि वाचकानेही तसेच म्हणावे अशी मांडणी असते. शेवटी प्रत्येकाचे काही ना काही मार्गी लागते, अगदी बेलाच्या नवजात मुलीशी जेकबचे मन जडवण्यापर्यंत लेखिका जाते (हा प्रसंग वाचताना ज्याच्या कपाळावर आठी उमटणार नाही असा वाचक विरळा), पण लियासाठी एक ओळही सोडवणूक म्हणून ठेवलेली नाही.

हे दुर्लक्ष पुस्तकापुरते राहत नाही. क्विल्यूट ही खरी जमात आहे आणि ला पुश हे पॅसिफिकच्या काठावरील खरे गाव. तिच्या उगमकथेत लांडग्यांपासून माणसे घडवल्याचा उल्लेख येतो, परंतु व्हॅम्पायरांशी वैर आणि त्यासाठी लांडगा होणारे तरुण हा भाग सर्वस्वी मायर यांचा आहे. कादंबऱ्या गाजल्यावर पर्यटक आणि व्यापारी माल यांची लाट आली, आणि सिअॅटलच्या बर्क संग्रहालयाने जमातीच्या सहकार्याने खरे काय आणि कल्पित काय हे सांगणारा उपक्रम हाती घेतला. मालिका गाजत होती त्याच वर्षांत या जमातीची खरी चिंता समुद्राची होती: वस्ती त्सुनामीच्या टापूत असल्याने शाळा आणि घरे उंचावर हलवायची होती, आणि त्यासाठी ऑलिम्पिक राष्ट्रीय उद्यानातील जमीन देणारा कायदा २०१२ मध्ये झाला. कादंबरीने संशोधन-प्रबंध व्हावे अशी अपेक्षा नाही. पण खऱ्या लोकांचे नाव, गाव आणि उगमकथा घेऊन त्यांना दुसऱ्याच्या प्रेमकथेतले पहारेकरी करणे, आणि त्यांच्यातल्या सर्वांत गुंतागुंतीच्या मुलीला अडगळीत टाकणे, या दोन गोष्टी मला एकाच सवयीच्या वाटतात.

‘ब्रेकिंग डॉन’ हे साडेसातशे पानांच्या आसपासचे पुस्तक आहे आणि त्याची लांबी जाणवते. लग्न, बेटावरचा मधुचंद्र, बेलाला आतून पोखरणारे गर्भारपण आणि अंगावर काटा आणणारी प्रसूती हे भाग पहिल्या पुस्तकाच्या वयोगटाला झेपतीलच असे नाही. मायर भयकथा लिहू शकल्या असत्या असे या प्रसूतीच्या प्रकरणावरून वाटते. त्यानंतर बेला व्हॅम्पायर होते आणि सारी हवाच निघून जाते. नवख्या व्हॅम्पायरांना वर्षभर आवरत नाही अशी जी रक्ताची तहान आधीच्या पुस्तकांत रंगवली होती, ती बेला जवळजवळ पहिल्याच दिवशी जिंकते. धडपडणारी मुलगी डौलदार होते, सामान्य मुलगी अप्रतिम सुंदर होते, लेक मिळते, वडीलही राहतात. तिला माणूसपण सोडल्याची किंमत मोजावीच लागत नाही. याच्या आधी रोझली ही कलन कुटुंबातील सुंदर तरुणी तिला परोपरीने बजावते की हे करू नकोस; बेलाला व्हॅम्पायर करावे का यावर घरात मत घेतले जाते तेव्हा रोझलीने विरोधात मत दिलेले असते, कारण तिच्या वेळी ‘नाही’ म्हणणारे कोणीच नव्हते. नियोजित नवऱ्याने आणि त्याच्या मित्रांनी रस्त्यात टाकून दिलेल्या या मुलीची हकिकत ‘इक्लिप्स’मध्ये येते आणि तिचे म्हणणे बिनतोड आहे. शेवट तिला उत्तर देत नाही, फक्त बाजूला सारतो.

भाषेविषयी लांबण लावत नाही. इंग्रजी सोपे आहे, त्यामुळे इंग्रजी कादंबरी वाचण्याची सवय लावून घेणाऱ्याला ही पुस्तके भराभर पुढे नेतात. एडवर्डचे संगमरवरी शरीर मात्र इतक्या वेळा येते की वाचक पुढे-पुढे ती वाक्ये डोळ्यांनी ओलांडतो. बेला स्वतः जुन्या कादंबऱ्यांची वाचक आहे, आणि जेन ऑस्टिनच्या संग्रहात तिला एडवर्ड आणि एडमंड हीच नावे भेटतात म्हणून ती चिडून पुस्तक मिटते, असा एक मिस्कील प्रसंग पहिल्या भागात आहे. असा विनोद पुढे दुर्मीळ होत जातो.

परक्या नायिकेचा शोध घेत या प्रकारात शिरणाऱ्या वाचकाने इतरत्रही पाहावे. एल. जे. स्मिथ यांच्या १९९१ सालच्या ‘द व्हॅम्पायर डायरीज’ची एलेना ही मुळात शाळेची राणी आहे, नवा मुलगा आपल्याकडे ढुंकूनही पाहत नाही याचा तिला राग येतो, आणि परका तो आहे, ती नाही. ‘हाऊस ऑफ नाइट’ मालिकेच्या झोई रेडबर्डकडे चेरोकी आजी, तुटलेले घर आणि नवी शाळा असे सारे साहित्य आहे, पण पहिल्या पुस्तकातच तिच्यावर एवढ्या शक्तींची खैरात होते की एकटे पडायला तिला सवडच मिळत नाही. रिशेल मीड यांची ‘व्हॅम्पायर अकॅडमी’, २००७ ते २०१० या काळात आलेली सहा पुस्तके, मला या सर्वांत उजवी वाटते. रोझ हॅथवे ही अर्धी व्हॅम्पायर. तिच्या समाजाने तिच्यासारख्यांना उच्चकुलीन व्हॅम्पायरांचे अंगरक्षक म्हणून वाढवायचे ठरवले आहे. मैत्रिणीला जगवण्यासाठी तिने आपले रक्त दिले, आणि तेवढ्यावरून शाळेत तिच्या नावाला बट्टा लागतो. तिचे परकेपण तिच्या मनात नाही. ते नियमांत, वर्गव्यवस्थेत आणि कुजबुजीत आहे, आणि त्याच्याशी झुंजण्यासाठी तिला काम आहे, शिस्त आहे, मैत्री आहे. तिथेही सात वर्षांनी मोठ्या शिक्षकाशी सतरा वर्षांच्या मुलीचे प्रेम जमते, आणि या बाबतीत मीड यांना मी झुकते माप देणार नाही. पण रोझ ‘नाही’ म्हणू शकते, आणि म्हणते.

तर ‘ट्वायलाइट’ घ्यावे का? पहिले पुस्तक अवश्य वाचावे. शेवटच्या भागातील पाठलाग आणि नृत्यशाळेतील मारामारी घाईघाईने जोडलेली वाटली तरी फोर्क्समधली सुरुवातीची अडीचशे-तीनशे पाने या प्रकारातील अजूनही न ओलांडलेली पाने आहेत. आवडले तर ‘न्यू मून’ घ्यावे आणि मोटारसायकलींच्या प्रकरणांवर रेंगाळावे. ‘इक्लिप्स’मधून रोझलीची हकिकत वाचली तरी पुरे. ‘ब्रेकिंग डॉन’चा दुसरा भाग, जो जेकब सांगतो, तो लियासाठी वाचावा, तिसऱ्या भागात व्हॅम्पायरांच्या सत्ताधाऱ्यांशी जी लढाई शेकडो पाने येणार-येणार म्हणून गाजते ती बोलाचालीवर मिटते, आणि २०१२ च्या चित्रपटाला त्या जागी एक काल्पनिक युद्ध घालावे लागले यावरून काय ते समजावे.

चारही पुस्तकांचा संच एकदम विकत घेणाऱ्यांना ऑगस्ट २०२० मध्ये आलेले ‘मिडनाइट सन’ही खुणावेल. पहिल्या पुस्तकाचीच कथा त्यात एडवर्ड सांगतो. त्याच्या मनात शिरून पाहिल्यावर तो अधिक भयावह आणि म्हणून अधिक रंजक वाटतो. जीवशास्त्राच्या पहिल्या तासाला वर्गातील सर्वांना मारून बेलाचे रक्त कसे मिळवता येईल याचा त्याने केलेला हिशेब अंगावर येतो. पण बेलाचे मन त्याला वाचता येत नाही, त्यामुळे जी मुलगी आपल्याला हवी आहे ती या पुस्तकात बाहेरूनच दिसते, आणि मूळ पुस्तकाहून ते बरेच जाड आहे. ग्रंथालयात मिळाले तर न्यावे, विकत घेण्याची गरज नाही.